मोबाईलचे अ‍ॅप लॅपटॉपवर चालते का? इन्स्टॉल करण्याआधी हे वाचा

सांगोल्यात अनेक घरांत चित्र सारखेच असते. चांगला स्मार्टफोन एकच, आणि तो अब्बांच्या खिशात. ते डाळिंबाच्या सौद्याला गेले की फोन संध्याकाळीच घरी येतो. घरात एखादा सेकंडहँड लॅपटॉप मात्र पडून असतो. मग मुले विचारतात, फोनवरचे अ‍ॅप यात चालेल का?

चालते. पण प्रत्येक अ‍ॅप नाही, आणि प्रत्येक लॅपटॉपवर तर नाहीच.

पहिली गोष्ट म्हणजे बऱ्याच वेळा अ‍ॅपची गरजच नसते. दीक्षावरचे धडे क्रोममध्ये वेबसाइट उघडून बघता येतात. हजचा अर्ज हज कमिटीच्या वेबसाइटवरूनही भरता येतो. व्हॉट्सअ‍ॅप वेब तर २०१५ पासून आहे. एकदा क्यूआर कोड स्कॅन करून जोडले की फोन बाजारात असला तरी लॅपटॉपवर मेसेज येतात. फक्त मूळ फोनवर १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप उघडले नाही, तर लॅपटॉपवरचे आपोआप बंद होते.

वेबसाइट नसेल तेव्हाच एम्युलेटरकडे वळावे. अँड्रॉइडचे अ‍ॅप विंडोजला कळत नाही, म्हणून हा प्रोग्राम लॅपटॉपच्या आत एक नकली फोन तयार करतो आणि अ‍ॅप त्यात चालते. ब्लूस्टॅक्स हे यातले सर्वात परिचित नाव, आणि ते फुकट मिळते. कंपनी किमान ४ जीबी रॅम आणि ५ जीबी मोकळी जागा मागते. आमचे मत विचाराल तर ४ जीबीत जीव मेटाकुटीला येतो. ८ जीबी असेल तरच या भानगडीत पडा.

रॅम असूनही अडकत असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि ‘व्हर्च्युअलायझेशन’ पुढे काय लिहिले आहे ते बघा. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते. दुकानदाराला हा एकच शब्द सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. त्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायला कोणी सांगितले तर ऐकू नका.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ सांगतात की विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड अ‍ॅपची सोय आतच आहे. ती होती. मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ ला ती बंद केली. त्यामागे वेळ घालवू नका.

फोन घरी असेल आणि फक्त मोठा पडदा हवा असेल, तर केबल लावून फोनचाच पडदा लॅपटॉपवर आणता येतो. त्यासाठी ‘एससीआरसीपीवाय’ (उच्चार स्क्रीन कॉपी) हा फुकट प्रोग्राम आहे. जुन्या लॅपटॉपला हे एम्युलेटरपेक्षा खूप हलके जाते.

आता जे जमणार नाही ते. फोनपे, गुगल पे यांसारखी यूपीआय अ‍ॅप फोनमधल्या सिमकार्डवरून मेसेज पाठवून खाते जोडतात. लॅपटॉपच्या नकली फोनात सिमच नाही. ई-पीक पाहणीला शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ओटीआर काढताना चेहरा दाखवायचा असतो. त्याला खरा अँड्रॉइड फोन लागतो. बाकीचा फॉर्म लॅपटॉपवर निवांत भरा, पण ओटीआरच्या दिवशी अब्बांना फोन घरी ठेवायला आधीच सांगून ठेवा. शेवटच्या तारखेला धावाधाव होते ती इथेच.

धोका कुठे आहे तेही बघा. एम्युलेटर कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या, कोणी पेनड्राइव्हवर दिलेला नको. २०२१ मध्ये नॉक्सप्लेअर या एम्युलेटरच्या अपडेटमधूनच व्हायरस पाठवला गेल्याचे ईसेट या सुरक्षा कंपनीने उघड केले होते. एम्युलेटरमध्ये प्ले स्टोअर असते, अ‍ॅप तिथूनच घ्या. शादीचे कार्ड किंवा गाडीचे चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल फोनवरही उघडू नका आणि लॅपटॉपवरही नको.

प्ले स्टोअरसाठी गुगल खाते लागते. तिथे अब्बांचे खाते टाकू नका, त्यात घरचे फोटो, नंबर, सेव्ह केलेले पासवर्ड सगळे असते. एक वेगळे खाते काढा. नेट कॅफेत तर एम्युलेटरमध्ये कुठलेच खाते उघडू नये. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.