करमाडचा मुंजा आणि बँकॉकची माए नाक 🌿

मराठवाड्यात जालना रोडवरच्या आपल्या करमाडकडे आजोळ असलेल्यांनी हे ऐकलंच असेल: "तिन्हीसांजेला पिंपळाखाली थांबू नको, मुंजा असतो!" मुंज झाली, पण लग्नाआधीच गेला, असा मुलगा म्हणजे मुंजा. वस्ती पिंपळावर.

मराठी मुलखातली ही भुताखेतांची आणि लोकदेवतांची दुनिया मोठी आहे:

🔸 साती आसरा: विहिरी, डोह, नदीकाठच्या सात जलदेवता. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा'वरून आला. काठावर शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे त्यांचं ठाणं.
🔸 अलवंतीण: बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत.
🔸 चकवा: रात्री वाटसरूला त्याच त्या जागी फिरवणारा.
🔸 वेताळ: भुतांचा राजा. कोकण-गोव्यात मात्र गावाचा राखणदार देव.

आता थायलंड बघा. तिथे भुताखेतांना 'फी' म्हणतात. ताकियन वृक्षात 'नांग ताकियन' ही फी राहते. बाळंतपणात गेलेली माए नाक तर आपल्या अलवंतिणीची बहीणच! बँकॉकच्या वाट महाबुत मंदिरात तिचं ठाणं आहे. लोक तिला कपडे आणि बाळासाठी खेळणी वाहतात. घराबाहेर जागेच्या राखणदाराचं छोटं देवघरही असतं.

मला यात भीतीपेक्षा माया दिसते. अकाली गेलेल्यांना माणसं विसरत नाहीत, झाडाला-पाण्याला जपतात. गोष्टी जरूर जपा. पण आजारपणात मांत्रिक नको, डॉक्टर गाठा. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहेच.

तुमच्या गावच्या पिंपळाची गोष्ट कोणती? आजीला विचारा, लिहून ठेवा. 🙏

#लोककथा #मराठवाडा