नागपूर, पायी

पहाटे 5

रात्रभर पाऊस होता. उठल्यावर आधी गच्चीत जाऊन आभाळ बघते, मग फोन. फोनवर अपेक्षित निरोप आलेलाच असतो: "ताई, पाऊस आहे, वॉक होणार ना?" होणार. पोळ्याच्या आधीचा रविवार आहे. वर्षातून एकदाच जुनं नागपूर इतकं कामात सापडतं, तेव्हा चार थेंबांसाठी घरी कोण बसेल? छत्री आणा, चपला नको, पायात घट्ट बसणारं काहीतरी घाला, एवढं सगळ्यांना कळवते.

पिशवीत जुन्या फोटोंच्या लॅमिनेट केलेल्या प्रती, एक नकाशा, बँडेज, लिमलेटच्या गोळ्या, दोन जादा छत्र्या. माइक नाही. माइक लावला की घराघरातून माणसं बाहेर येतात आणि वॉकची मिरवणूक होते. म्हणून दहाच्या वर कुणाला घेत नाही. महाल या जुन्या वस्तीच्या गल्लीत अकराव्या माणसापर्यंत माझा आवाज पोचत नाही.

सव्वासहा

लोक यायच्या आधी गाडीवरून सगळा रस्ता एकदा फिरून घेते. गेल्या रविवारी मोकळी असलेली गल्ली या रविवारी खोदलेली असू शकते. आज एका ठिकाणी गणपतीच्या मांडवाचे बांबू रोवलेत, माणूस वाकून जाईल, गाडी नाही. दुसरीकडे गुडघाभर नाही, पण घोटाभर पाणी. वाट बदलली. महालातल्या एका मंदिराच्या पुजाऱ्याला सांगून ठेवलं की नऊच्या सुमारास बाया येतील, मागच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढून ठेवा. या धंद्यात इतिहास पाठ असणं दुय्यम आहे. कुठे बसायला ओटा आहे, कुठे पाणी मिळेल आणि कुठे बाथरूम आहे, हे ज्याला ठाऊक तो गाइड.

पावणेसात, गांधीसागर

सगळे जमलेत. धरमपेठेतलं एक निवृत्त जोडपं, मिहानमध्ये नोकरी करणारी तीन मुलं, बेसा भागात राहणारी एक बंगाली प्राध्यापिका, नुकताच हानोईहून फिरून आलेला एक तरुण. सगळे नागपुरातच राहतात. बाहेरगावचे पाहुणे क्वचित येतात. त्यांना दीक्षाभूमी बघायची असते किंवा ताडोब्याची गाडी पकडायची असते. माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे नागपूरकर, आणि तोही असा की ज्याने गांधीगेटच्या आत पाय ठेवला तो लग्नाच्या खरेदीपुरता. आजही सुरुवातीला काका म्हणालेच, "पन्नास वर्षं झाली आम्हाले इथं, पण नागपुरात पाह्यण्यासारखं काय आहे?"

तलावापासूनच सुरू करते. याचं जुनं नाव जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदने 1702 च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून हे गाव वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, तट बांधला आणि तटाबाहेर हा तलाव केला. मी विचारते, कोण कुठे राहतं? सक्करदरा, फुटाळा, सीताबर्डी अशी उत्तरं आली की सांगते, त्या बारांतल्याच या वाड्या. फुटाळ्याला फ्लॅट घेतलेल्या मुलाला आपण 1702 सालच्या गावात राहतो हे ऐकून फार बरं वाटलं.

तलावाच्या जवळच एम्प्रेस मिलची जागा. आता तिथे मॉल उभा आहे, पण गोष्ट मिलचीच सांगते. जमशेदजी टाटांनी इथली दलदल मातीने भरून घ्यायला काढली तेव्हा गावातल्या एका मारवाडी सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं जमिनीत पुरतोय, असं त्याचं म्हणणं. मिल चालल्यावर तोच म्हणाला म्हणे, की याने माती घातली आणि सोनं काढलं. दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 ला, मिल सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. काकूंचे वडील याच मिलमध्ये होते असं निघालं. पुढची दहा मिनिटं मी गप्प बसले, त्या बोलल्या. भोंगा वाजला की आई कणीक मळायला घ्यायची, हे कुठल्या गॅझेटियरमध्ये मिळणार?

साडेसात, गांधीगेट ते किल्ला

गांधीगेट म्हणजे तटाचा जुम्मा दरवाजा. त्यातून रिक्षा, दूधवाले, शाळेच्या व्हॅन रोज जातात, म्हणून तो कुणाला दिसत नाही. वर बघायला लावते.

गोंड राजाच्या किल्ल्याकडे लोक फार उत्सुकतेने चालतात आणि तिथे पोचल्यावर त्यांचे चेहरे उतरतात, कारण किल्ला म्हणून जे डोळ्यांपुढे येतं तसं तिथे काही नाही. दरवाजा, भिंती आणि राहती वस्ती. इथे मला एकच गोष्ट सांगायची असते. चांद सुलतानानंतर त्याच्या वारसांत भांडण लागलं, त्यात रघुजी भोसले आधी मदतीला आले आणि 1743 च्या सुमारास राज्य त्यांच्याच हातात गेलं. पण गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. त्याला राजा हा किताब आणि नेमणूक देऊन इथेच ठेवलं, आणि भोसल्यांच्या गादीवर नवा राजा बसायचा तेव्हा त्याला टिळा लावायचा मान गोंड राजाकडे राहिला. राज्य घेतलं, पण टिळा ज्याचं घेतलं त्याच्याच हातून. एवढं ऐकलं की लोक त्या भिंतीकडे पुन्हा वळून बघतात.

सव्वाआठ, पोहे

वॉकमधला एकमेव थांबा ज्याविषयी कधीच तक्रार येत नाही. गाडीवाल्या भाऊने लांबूनच विचारलं, "काऊन हो ताई, आज उशीर केला?" प्लेटमध्ये पोहे पसरायचे, मधे चमच्याने खळगा करायचा, त्यात हरभऱ्याचा रस्सा असा सोडायचा की लाल तर्री कडेपर्यंत जाईल पण प्लेटबाहेर सांडणार नाही, वर कच्चा कांदा, चिमूटभर शेव, लिंबाची फोड. हे सगळं तो तुमच्याकडे बघत, गप्पा मारत करतो. प्राध्यापिकाबाईंना तिखट सोसेना. "अजून तर्री टाकू का?" असं तिला विचारून भाऊ हसला, आणि पोहे बदलून दिले.

नऊ, भोसले वाडा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेते. आत लोक राहतात, म्हणून बाहेरूनच बघायचं, खिडक्यांचे फोटो नाहीत. भोसल्यांचा जुना राजवाडा 1864 साली जळाला. तो केवढा होता हे सांगायला माझ्याकडे फोटो नाही, म्हणून मी नुकसानीचा हिशेब सांगते. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारसाशिवाय वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं. मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात कवडीमोलाने विकले, जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेलं. 2025 साली पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन परत आणली, ती बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. तिच्यावर देवनागरीत त्यांचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब आहे. तेवढं सांगितलं की माना उंच होतात.

उंच झालेल्या माना तशाच ठेवून पुढे जाणं सोपं आहे. मला ते बरं वाटत नाही, आणि आज तर समोर बंगाली बाई उभी होती. तिनेच विषय काढला. लहानपणी झोपत नसलो की आजी बर्गी येतील म्हणून भीती घालायची, अंगाईतच बर्गी होते, ते इथूनच आले का? इथूनच. 1742 पासून रघुजींच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर गेल्या. कलकत्त्याच्या लोकांनी त्यांच्या भीतीने गावाभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच म्हणतात तो हाच. खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला आणि त्याच्या वाटेवर सर्क्युलर रोड झाला. 1744 मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भास्करपंतांना बोलणी करायला बोलावून छावणीत ठार मारलं. अखेर 1751 ला तह झाला: वर्षाला बारा लाख रुपये चौथ आणि ओडिशा. नागपूरच्या त्या काळच्या वैभवात हे बारा लाख आहेत, आणि गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहून जी जाळपोळ आणि बायकांवरचे अत्याचार नोंदवले तेही आहेत.

काकांना हे रुचलं नाही. "लढाईत होतेच असं," ते म्हणाले. बाई म्हणाली, "काका, आमच्याकडे ते लढाई म्हणून कोणी सांगत नाही." वाद वाढला नाही. पण पुढचा चौक येईपर्यंत दोघं एकमेकांच्या शेजारी चालले आणि बोलत राहिले, आणि मी मुद्दाम मागे राहिले. माझ्या कामात याहून जास्त काही साधत नाही.

दहा, चितार ओळी

बाजूच्या रस्त्यांवर पोळ्याची दुकानं लागलीत. नंदीबैल सगळ्या मापांचे: मुठीत मावणारा, पाटावर ठेवायचा, चाकं लावून दोरीने ओढायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. मिहानच्या एका मुलाने पुतण्यासाठी बैल घेतला आणि भाव करताना त्याची नागपुरी एकदम बाहेर आली.

चितार ओळीत मात्र बोलायला कुणाला वेळ नाही. गणपती आठवड्याच्या पलीकडे. गल्लीभर मूर्ती, प्लास्टिकच्या ताडपत्र्या, पंखे मूर्तींवर रोखलेले, कारण माती वाळेना. एक म्हातारे चितारी फक्त डोळे लिहितात. बाकी रंग पोरं देतात. ते पाटावर बसतात, मूर्ती त्यांच्यापुढे आणून ठेवतात, श्वास रोखून एक रेघ, मग दुसरी; मधेच उठून चार पावलं मागे जाऊन बघतात, परत येतात. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी फ्लॅश मारला. आजोबांनी ब्रश खाली ठेवला, काही बोलले नाहीत. मी सगळ्यांना पुढे काढलं. वॉक बडकस चौकात संपला.

अकरा ते चार

आंघोळ, वरण-भात, झोप. उठल्यावर फोन. "झिरो माइल दाखवता का?" हा सगळ्यांचा प्रश्न. तिथे जायला गाइड लागत नाही, मेट्रोचं स्टेशनच आहे. पण लोकांना तिथे उभं राहून आपण भारताच्या मध्यावर आहोत असं ऐकायचं असतं, आणि ते मी सांगत नाही. तो इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने 1907 साली उभारलेला, उंची मोजण्याचा खांब आहे: समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट. त्यावर हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल अशी अंतरं कोरली आहेत, त्यावरून बाकीची कथा वाढली. हे सांगितलं की पलीकडचा आवाज जरा पडतो. तरी पुण्याच्या एका कुटुंबाने संध्याकाळच्या इतवारीच्या फेरीला होकार दिला.

साडेचार, इतवारी

सकाळचा हानोईवाला पुन्हा आला. हानोईच्या जुन्या वस्तीच्या छत्तीस गल्ल्या त्याने पायी पाहिल्या, एका कॉलेजच्या मुलीबरोबर. ती इंग्रजीचा सराव म्हणून पाहुण्यांना हिंडवायची. हांग बाक चांदीवाल्यांची, हांग थिएक पत्र्याचं काम करणाऱ्यांची, हांग मा कागदी वस्तूंची. "तिथे मी प्रत्येक गल्लीचा फोटो काढला ताई, आणि इथली लोहा ओळी मी आज पहिल्यांदा पाहून राहिलो." त्याला म्हटलं, आता पूर्ण पाहा. सराफा ओळी, किराणा ओळी, बर्तन ओळी, लोहा ओळी. नाकाने चाला: मिरचीचा खकाणा आला की किराण्याची हद्द. आणि वस्त्यांची नावं म्हणजे आठवडी बाजारांचं कॅलेंडरच: मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, इतवारी. पुण्याच्या आजोबांनी लगेच आपल्या पेठा मोजल्या. मोजू दिल्या.

साडेसहा, जागनाथ बुधवारी

मारबत म्हणजे मिरवून जाळायचा बाईचा मोठा पुतळा. पिवळी मारबत इथली, तऱ्हाणे तेली समाजाची, 1885 पासून. नेहरू पुतळ्याजवळची काळी मारबत तिच्याहून जुनी, 1881 ची. बांबू, कागद, कापड. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दोघी निघतात, भेटतात, आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्याचा त्या वर्षी राग असेल त्याचा. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं सगळे सांगतात. बाकाबाई 1858 मध्ये वारल्या आणि मारबत तेवीस वर्षांनी सुरू झाली, हे मी सांगते. पण ते मारबतीसमोर उभं राहून नाही, पुढच्या वळणावर. तिथे नारळ-हार घेऊन बाया उभ्या असतात, लेकराला मारबतीच्या पायाशी टेकवतात. तिथे आपली अक्कल पाजळू नये.

आठ

पुणेकरांना सावजी मटण खायचं होतं. श्रावण चालू आहे, त्यांच्यातल्याच दोघी खात नाहीत. पाटोडीच्या रश्श्यावर भागवलं. तोही सावजी मसाल्याचाच, त्यामुळे आजोबांचं नाक वाहायचं थांबेना. हिशेब केला, फेरीत मागे चालणाऱ्या माझ्या मदतनीस मुलाला त्याचे पैसे दिले. तो इतिहासात एमए करतोय, पुढच्या वर्षी सकाळची फेरी त्याच्याकडे देणार आहे.

झोपण्याआधी ग्रुपवर शेवटचा निरोप टाकला. मारबतीच्या दिवशी वॉक नाही, लाखाच्या गर्दीत दहा माणसं सांभाळता येत नाहीत. ज्यांना यायचं त्यांनी आपापलं सकाळीच इतवारीत यायचं, गाडी लांब लावायची, फोन आतल्या खिशात, नवे कपडे घालायचे नाहीत. हरवलात तर मला फोन करू नका, ऐकू येणार नाही. मीही तिथेच कुठेतरी ओरडत असेन.