स्पीकरच्या खोक्यात कापूस कशासाठी?

लोणार तालुक्यातल्या बीबी परिसरातील मुलांना पऱ्हाटी आणि सरकी शिकवावी लागत नाही. गादी-उशीत जाणारा पिंजलेला कापूस ध्वनीच्या पाठातही कामी येतो. अनेक स्पीकरच्या लाकडी खोक्यांत कापूस, लोकर किंवा कृत्रिम धाग्यांचे भरण असते. ते कशासाठी? ‘आवाज अडवण्यासाठी’ असे उत्तर मुले देतील. ते बरोबर नाही.

स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तशी मागे, खोक्यातही ढकलतो. आतला ध्वनी समोरासमोरच्या भिंतींवरून परावर्तित होतो. खोक्याची आतली उंची ३४ सेंमी आहे असे समजू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ज्याची अर्धी तरंगलांबी ३४ सेंमी, त्या ५०० हर्ट्‌झच्या ध्वनीचा आत अप्रगामी तरंग तयार होतो. तो पातळ पडद्यातून बाहेर येतो आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे वाटते.

कापसाच्या तंतूंमधून हवा पुढे-मागे सरकताना घर्षण होते व ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता बनते. म्हणजे हवा जिथे हलते तिथेच कापूस उपयोगी! भिंतीला टेकलेली हवा हलू शकत नाही. तिथे निस्पंद असतो. सर्वांत जास्त हालचाल भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे १७ सेंमीवर, खोक्याच्या मध्यभागी होते. म्हणून भिंतीला चिकटवलेला बोटभर थर या ध्वनीवर फारसा परिणाम करत नाही; मध्यापर्यंत सैल भरलेला कापूस करतो. थर्माकोलची छिद्रे बंद असतात. त्यांतून हवा जात नाही, म्हणून ते येथे कुचकामी ठरते.

दुसरा फायदाही आहे. दाबली गेलेली हवा तापते. तंतू ती उष्णता शोषतात. हवा ‘मऊ’ होते आणि बंद खोके असते त्यापेक्षा मोठे असल्यासारखे वागते. तत्त्वतः ही वाढ १.४ पटीपर्यंत, प्रत्यक्षात कमी. कापूस ठासून भरला तर मात्र तो हवेचीच जागा खातो.

वर्गात करून पाहा. परीक्षानळीच्या तोंडावरून फुंकून शीळ काढा. नळी बुजणार नाही असा कापसाचा विरळ पुंजका तळाशी ठेवा. शीळ जवळजवळ तशीच वाजेल. तोच पुंजका तोंडाजवळ आणा. शीळ क्षीण होईल किंवा वाजणारच नाही. कापूस तोच, जागा वेगळी. असे का, हे आता मुलांनाच सांगू द्या.