वालधुनीतला बुडबुडा

अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० मधले. त्याच्या कडेने वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ खाडीला मिळते. उन्हाळ्यात तिच्या काळ्या गाळातून बुडबुडे वर येतात. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याच्या जोडीने निघणाऱ्या मिथेनला मात्र वास नसतो. बदलापूरच्या भातखाचरांत पाणी साचले की चिखलातून हाच वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

मिथेन बनवतात ते आर्किया. दिसायला जीवाणूंसारखे, पण त्यांचा वंश निराळा. ही शाखा कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये ओळखली. गाळात, गाईच्या पोटात, गोबरगॅसच्या टाकीत, कुठेही पाहा, मिथेन तयार होण्याची शेवटची पायरी एकच विकर पार पाडते: मिथाइल-कोएन्झाइम एम रिडक्टेज, थोडक्यात एमसीआर. त्याच्या गाभ्यात एफ-४३० नावाचा पिवळा रेणू आणि त्यात निकेलचा एक अणू असतो.

खोल समुद्राच्या तळाशीही मिथेन झिरपतो, पण त्यातला बराचसा पाण्यात मिसळण्याआधीच संपतो. तो खाणाऱ्यांचे पुंजके अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून दूर, हायड्रेट रिजवर सापडले. ते संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पुंजक्यात मधोमध आर्किया आणि भोवती सल्फेट वापरणारे जीवाणू होते. या आर्कियांकडेही एमसीआरच निघाले! मिथेन बनवणारे विकर इथे मिथेन फोडत होते. ते उलट्या दिशेनेही चालते, हे २०१० मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

उलट्या चालीत ऊर्जा अगदी थोडी मिळते. म्हणून आर्किया आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या जीवाणूला देतात आणि तो समुद्रातल्या सल्फेटवर ते खर्चतो. दोघांचा संसार एकमेकांवर चालतो. मिथेन खाणारे हे आर्किया एकाच कुळातले नाहीत, म्हणजे उत्क्रांतीने ही वाट एकापेक्षा अधिक वेळा धरली. एमसीआरच्याच घराण्यातली काही विकरे तर इथेन आणि ब्यूटेनही फोडतात. नवे यंत्र घडवण्यापेक्षा हाताशी असलेले यंत्र नव्या कामाला लावणे, ही निसर्गाची जुनी हातोटी.

नदीत मिथेन खाण्याचे काम वेगळी विकरे असलेले जीवाणू करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ऑक्सिजन लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने भातशेतातून मिथेन खाणारा, काकडीच्या आकाराचा जीवाणू वेगळा केला. त्याचे नाव मिथायलोकुक्युमिस ओरायझी. असे जीवाणू गाळाच्या वरच्या थरात पहारा देतात. पण सांडपाणी सोडून पाण्यातला ऑक्सिजन संपवला की पहारेकरीच गुदमरतात आणि बुडबुडा मोकळा सुटतो.

समुद्रतळाने आपला मिथेन पचवायची सोय कोट्यवधी वर्षांत करून ठेवली आहे. वालधुनीसाठी ती सोय आपण करू शकतो: सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडायचे. पहारेकरी पुन्हा कामाला लागतील.