सीटखालची चिठ्ठी



मागच्या उन्हाळ्यात मसाला करणाऱ्या एका बचत गटातल्या पाच-सहा जणी आमच्या केंद्रावर आल्या होत्या. बाजाराला माल न्यायला त्यांना जुना तीनचाकी टेम्पो घ्यायचा होता. गाडी पसंत पडली, भाव ठरला, इसार द्यायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात एकजण म्हणाली, आधी चासी नंबर बघू. तिने नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. नंबर उमटला, पण आरसी बुकातल्या नंबराशी त्याचे शेवटचे दोन आकडे जुळेनात. विकणारा म्हणाला, "लिहिणाऱ्याची चूक असेल ताई, गाडी तर समोर उभी आहे ना!" बाया इसार न देता परतल्या. पण त्यांच्या मनात एक प्रश्न राहिला आणि तो त्यांनी आम्हाला विचारला. गाडी डोळ्यासमोर उभी असताना कागदाचं एवढं काय?

या प्रश्नाचं उत्तर सांगायला आज आम्ही तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत घेऊन जाणार आहोत. तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी हौसेने जपणारे लोक आहेत. अशी गाडी दुरुस्तीला घेतली की ते आधी सीट काढतात आणि सीटच्या स्प्रिंगांमध्ये हात घालून एक कागद शोधतात. हा कागद गाडी बनली त्याच दिवसांतला, कारखान्यातलाच असतो.

तो तिथे कसा गेला? ब्लाउज शिवायला टाकतो तेव्हा शिवणकाम करणारी ताई मापाची चिठ्ठी कापडाला टाचून ठेवते. गळा कसा, बाही केवढी, अस्तर हवं की नको, सगळं त्या चिठ्ठीवर असतं. कापणारी वेगळी आणि हातशिलाई करणारी वेगळी असली, तरी चिठ्ठी कापडाबरोबर फिरते, म्हणून एकीची बाही दुसरीच्या ब्लाउजला लागत नाही.

मोटारीच्या कारखान्यातही तेच होतं. १९६० ते १९७० च्या दशकांत अमेरिकेत गिऱ्हाईक शोरूममध्ये बसून आपल्या मनासारखी गाडी मागवू शकत असे. इंजिन कोणतं, गिअर कोणते, रंग कोणता, सीट कशी, रेडिओ हवा की नको, हे सगळं तो सांगे. ती मागणी कारखान्यात पोहोचली की तिचा एक कागद छापला जाई. त्यावर खाने आणि खान्यांत सांकेतिक आकडे-अक्षरं असत. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या या कागदाला बिल्ड शीट म्हणतात, क्रायस्लरच्या गाड्यांच्या कागदाला ब्रॉडकास्ट शीट. आपण त्याला बांधणीची चिठ्ठी म्हणू.

जोडणीच्या रांगेत एकामागून एक गाड्या सरकत असत आणि लागोपाठच्या दोन गाड्या सारख्या नसत. म्हणून इंजिन बसवणारे, मागचा ॲक्सल जोडणारे, सीट तयार करणारे, अशा वेगवेगळ्या विभागांना चिठ्ठीच्या प्रती मिळत. सीटवाला चिठ्ठी वाचून काळं कव्हर की लाल ते बघे आणि स्प्रिंगांवर ते ताणून लोखंडी कड्यांनी अडकवे. काम झालं की चिठ्ठी बऱ्याचदा तिथेच, स्प्रिंगांत राहून जाई. कुणाची पेट्रोलच्या टाकीवर राहिली, कुणाची डॅशबोर्डच्या मागे, कुणाची गालिच्याखाली. गिऱ्हाइकाला तिचा पत्ताही नसे. पुढे कुणी ती शोधील असं ठेवणाऱ्याच्याही मनात नसणार. त्याच्या दृष्टीने तो काम संपलेला कागद होता.

शेवरलेच्या कॉर्व्हेट गाडीत तर १९६७ पासून हा कागद पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेलाच असे. गाडी जुनी झाल्यावर टाकी खाली उतरवली की तो दिसतो. काही वेळा अर्धा गंजाने खाल्लेला असतो, काही वेळा नुसते तुकडे उरलेले असतात.

आता या कागदाला किंमत का आली ते बघू. क्रायस्लरची प्लिमथ बाराकुडा नावाची एक गाडी होती. तिच्यातली 'हेमी' नावाच्या मोठ्या इंजिनाची आणि उघडणाऱ्या टपाची गाडी १९७१ साली फक्त ११ जणांसाठी बनली. अशीच एक गाडी २०१४ साली सिएटल शहरातल्या लिलावात ३५ लाख डॉलरला विकली गेली. त्याच वर्षीच्या साध्या इंजिनाच्या बाराकुडाला त्याच्या आसपासही भाव येत नाही. दिसायला मात्र दोघी जवळजवळ सारख्या. मग लबाडीला वाट मिळणारच. साधी गाडी घ्यायची, तिच्यात मोठं इंजिन बसवायचं, रंग आणि पट्टे तसेच करायचे आणि "कारखान्यातूनच अशी आली" म्हणून विकायची. रंगाखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. गाडी मुळात काय म्हणून बनली ते चिठ्ठी सांगते.

कुणी म्हणेल, कंपनीकडे दप्तर असेल की! काहींचं आहे. पॉन्टियाक गाड्यांचे जुने विक्रीचे कागद जपलेले आहेत आणि त्यांची नक्कल मिळते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची नोंदही मिळते. इंग्लंडमध्ये गेडन गावच्या मोटार संग्रहालयात मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा गाड्यांची कारखान्याची नोंदवही बघून दाखला देतात. आपली अँबेसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बनली, ती याच घराण्यातली. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरलेच्या असंख्य जुन्या गाड्यांची अशी एकेका गाडीची नोंद मिळत नाही. तिथे मालकाचा भरवसा सीटखालच्या चिठ्ठीवरच असतो. कामगाराने तिथेच सोडलेला कागद पन्नास वर्षांनी साक्षीला उभा राहतो.

पण नुसता कागद सापडला म्हणून भागत नाही. पहिली अडचण अशी की घाईत एका गाडीची चिठ्ठी दुसऱ्या गाडीत गेलेली असते. जाणते लोक म्हणून चिठ्ठीवरचा नंबर आधी बघतात. तो डॅशबोर्डजवळच्या पट्टीवरच्या नंबराशी ताडतात. इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकलेला असतो, तोही बघतात. क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखाली पत्र्याची एक पट्टी असते, तिच्यावरची अक्षरंही चिठ्ठीशी जुळावी लागतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांबरोबर १९६५ पासून काही वर्षं गिऱ्हाइकाला वॉरंटीच्या पुस्तिकेत धातूची छोटी पट्टी मिळे. ती सापडली तर आणखी एक साक्षीदार मिळतो.

दुसरी अडचण खोट्या चिठ्ठ्यांची. जुन्यासारखा दिसणारा कागद छापून विकणारेही आहेत. पण जी चिठ्ठी वर्षानुवर्षं स्प्रिंगांत दबून राहिली, तिच्यावर स्प्रिंगांच्या गंजाचे डाग उमटतात, घड्या पडतात, कडा उंदरांनी कुरतडलेल्या असतात. ते डाग त्याच सीटच्या स्प्रिंगांवर ठेवून बघितले तर बसतात. म्हणून चिठ्ठी दिसली की जाणता माणूस ती लगेच ओढत नाही. जागेवरच आधी फोटो काढतो. मग अडकवलेल्या कड्या एकेक कापून कागद मोकळा करतो. ओला असेल तर सावलीत, सपाट जागी वाळवतो. चिकटपट्टी लावत नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच करत नाही.

हे लॅमिनेशनचं आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे घरोघरी तीच चूक होते. जन्माचा दाखला, जुनी खरेदीखतं, शाळेचे दाखले आपण प्रेमाने प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणतो. तो कागद मग परत सोडवता येत नाही. अस्सलपणा तपासायचा तर कागद, शाई, शिक्का हाताला लागावा लागतो. त्यापेक्षा स्वच्छ पारदर्शक पिशवीत, घडी न करता, ओल आणि उंदीर लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाकडेही पाठवून ठेवा.

आता त्या बायांच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी समोर उभी असताना कागदाचं काय? एकट्या लोखंडाला बोलता येत नाही आणि एकटा कागद कुणाचाही असू शकतो. दोघांची साक्ष जुळली तर ती गाडी खरी. लाखो डॉलरच्या गाडीला जो नियम, तोच आपल्या टेम्पोला.

म्हणून गटाने जुनी गाडी घेताना चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः बघा, आरसी बुकाशी अक्षर अक्षर ताडा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाची नोंद बघा. आधीच्या कर्जाचा बोजा उतरलेला आहे की नाही ते विचारा. बोजा असेल तर बँकेचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. पिठाची गिरणी, शिलाई मशीन, शेवयांचं यंत्र घेतलं तर त्याच्या पट्टीवरचा नंबर गटाच्या वहीत लिहा आणि बिलावर तोच नंबर आहे ना ते दुकानातच बघून घ्या. घरी आल्यावर चूक कळली तर आपली बाजू लंगडी पडते.

त्या गटाने दिवाळीच्या आधी दुसरा टेम्पो घेतला. या वेळी दोघीजणी पेन्सिल आणि कागद घेऊनच गेल्या होत्या. सगळे आकडे जुळले, मगच इसार दिला. पेन्सिलीने उमटवलेला तो कागद त्यांनी गटाच्या हिशेबाच्या वहीत लावून ठेवला आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक करा. गटाच्या नावावर जी जी वस्तू आहे, तिचा नंबर आणि तिचा कागद समोरासमोर ठेवून बघा. काही जुळत नसेल तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. नमस्कार.