औषधाच्या चिठ्ठीवरील शिधा
(लेखांक सातवा)

एचआयव्हीच्या विषाणूला आवर घालणाऱ्या औषधांचे कार्य आपण गेल्या लेखांकात पाहिले. परंतु ती औषधे ज्या देहात जावयाची तो देहच उपाशी असेल तर काय, हा प्रश्न एचआयव्हीविरुद्धच्या सबंध मोहिमेत फार उशिरा विचारला गेला. संसर्ग झालेला प्रौढ मनुष्य बाह्यतः निरोगी दिसत असतानाही त्याला नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के अधिक ऊर्जा लागते, लक्षणे प्रकट झाल्यावर ही वाढ २० ते ३० टक्क्यांवर जाते, आणि वजन घटणाऱ्या बालकाच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेने ती ५० ते १०० टक्के सांगितली आहे. नेमके याच काळात तोंड आलेले असते, जुलाब थांबत नाहीत, खाल्लेले अंगी लागत नाही आणि कमावते माणूस अंथरुणाला खिळल्याने चूलही थंडावते. पुढे उपचार लागू पडला की भूक उसळून येते. घरात दाणा नसला तर रुग्ण त्या भुकेच्या भयाने गोळ्याच टाळू लागतो.

पश्चिम केनियातील एल्डोरेट येथे मोई विद्यापीठ, त्याचे रुग्णालय आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्याने २००१ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘ॲम्पाथ’ या कार्यक्रमात डॉ. जो मॅमलिन व त्यांचे सहकारी यांनी अन्नाला औषधाच्याच पंक्तीला बसविले. आहारतज्ज्ञाने रुग्णाचे वजन करावे, घरात खाणारी तोंडे किती हे विचारावे आणि त्याप्रमाणे शिध्याची चिठ्ठी लिहून द्यावी, असा तेथील शिरस्ता. भाजीपाला कार्यक्रमाच्या स्वतःच्या शेतांवर पिकविला जाई. मका, कडधान्य, तेल ही सामग्री जागतिक अन्न कार्यक्रमाकडून येई. मुदत साधारणतः सहा महिन्यांची, आणि त्यानंतर रुग्ण स्वतःच्या पायांवर उभा राहावा म्हणून रोजगाराच्या शिक्षणाचीही तजवीज होती.

यांतील ‘खाणारी तोंडे’ हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. केवळ कृश रुग्णापुरते पौष्टिक पीठ द्यावयाचे, हा हिशेबाला सोयीचा मार्ग अनेक ठिकाणी अवलंबिला गेला. पण जी माता ते पीठ घरी नेते ती त्याची पेज करून आधी मुलांच्या वाट्यांत ओतते, तिचे वजन वाढत नाही, आणि नोंदवहीत मात्र उपचार निष्फळ ठरल्याचे लिहिले जाते. कुटुंबाचा शिधा हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग मानणे, हाच यावरचा खरा उपाय होय.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एप्रिल २००४ मध्ये मोफत औषधे मिळू लागली, तरी साहाय्याचा मार्ग दुसऱ्याच दप्तरातून जातो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. मात्र त्यासाठी जे दुखणे शेजाऱ्यापासून लपविले त्याचा दाखला तलाठी व तहसील कचेरीपर्यंत न्यावा लागतो. या योजनेचा अर्ज एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातच, गोळ्या घेण्याच्या दिवशी, समुपदेशकासमोर भरून घेण्याची व्यवस्था सर्वत्र झाली पाहिजे.