‘शोचं झाड’ घरात आलं, पण त्याचं नाव काय?

अलीकडे आपल्या विहारांमध्ये एक चांगली पद्धत रुजली आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, भीमजयंती असो की दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, हारतुऱ्यांऐवजी कुंडीतलं रोप दिलं जातं. हार दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो, रोप राहतं. वस्तीत रोपं येण्याच्या आणखीही वाटा आहेत. बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या भगिनींना मालकीण घर बदलताना कुंड्या देऊन टाकते. सफाई कामगार बांधव ऑफिसबाहेर फेकलेलं, अर्धं वाळलेलं झाड उचलून आणतात आणि आपल्या दारात ते पुन्हा तरारून उठतं.

या सगळ्या रोपांत एक गोष्ट सारखी असते. त्यांचं नाव घरात कोणालाच माहीत नसतं. नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, “शोचं झाड आहे, बारा महिने हिरवं राहतं.” आता बारा महिने हिरवं हे काही नाव झालं नाही. कण्हेर बारा महिने हिरवी असते आणि ओव्याचं पानही बारा महिने हिरवं असतं. एक पोटात गेलं तर जिवावर बेततं, दुसऱ्याची आपण भजी करतो.

आरोग्याच्या पानावर झाडाचा विषय घेण्याचं कारण हेच. मोठ्या घरात कुंडी गॅलरीत असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती उंबऱ्याशी, मोरीच्या कट्ट्यावर किंवा जिन्याच्या पायरीवर असते, म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या बरोबर हाताशी.

ओळख पटवायची तर चव घेऊन नाही, हे आधी सांगतो. आपल्याकडे पान चुरगळून वास घ्यायची आणि लगेच जिभेला लावून बघायची सवय असते. अनोळखी झाडाच्या बाबतीत ती सोडा. नजरेने बरंच कळतं. पानं देठाला कशी लागली आहेत ते पहा: एकाआड एक, समोरासमोर, की एका ठिकाणाहून तीन-तीन. खोड लाकडासारखं आहे की उसासारखं पेरापेराचं. एक पान तोडून चीक पांढरा येतो का पहा, चीक हाताला लागू देऊ नका, लागलाच तर साबणाने हात धुवा आणि तोवर डोळे चोळू नका. फूल येत असेल तर फार बरं, कारण फुलावरून ओळख सर्वांत पक्की होते. मोबाइलवर फोटो काढून गुगल लेन्सला विचारायलाही हरकत नाही. मात्र ते यंत्र अंदाज सांगतं. पान, खोड आणि फूल असे वेगवेगळे फोटो काढा, आणि जे नाव येईल ते जाणत्या माळ्याला किंवा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या वस्तीतल्या मुला-मुलीला दाखवून खात्री करा. झाडाला पाणी किती घालायचं एवढ्यासाठी अंदाज चालेल. खाण्यासाठी चालणार नाही.

आता ज्या झाडाची गाठ आपल्याशी सर्वांत जास्त पडते, त्याच्याकडे येऊ. रुंद, मोठी पानं, त्यांच्यावर पांढरट-पिवळसर ठिपके किंवा पट्टे, आणि खाली उसाच्या कांड्यासारखं जाड हिरवं खोड. हा डिफेनबॅकिया. सावलीत जगतो, म्हणून अंधाऱ्या गल्लीतही टिकतो, आणि म्हणूनच दवाखाने, ऑफिसं, सत्कार सगळीकडे तोच दिसतो. हा आपल्या अळूचाच भाऊबंद. अळू नीट शिजलं नाही की घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून आपण अळू चिंच घालून चांगलं शिजवतो. डिफेनबॅकियात तेच स्फटिक असतात आणि त्याचा त्रास अळूपेक्षा फार जास्त. पान किंवा खोड चावलं की तोंडात लगेच आग होते, लाळ गळू लागते, जीभ आणि ओठ सुजतात, कधी कधी काही वेळ बोलताच येत नाही. इंग्रजीत त्याचं नावच ‘मुकं करणारा ऊस’ अशा अर्थाचं आहे. हे नाव गमतीने पडलेलं नाही. वेस्ट इंडिजच्या मळ्यांत गुलामांना शिक्षा म्हणून त्याचं खोड तोंडात चोळलं जाई, अशा नोंदी आहेत. माणसाचा आवाज बंद करायला मालकांनी काय काय वापरलं, हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको.

मूल हे पान चावलं तर घाबरून जाऊ नका. आग लगेच होत असल्यामुळे बहुतेक मुलं पहिल्या घासालाच थुंकून टाकतात. तोंडातले तुकडे ओल्या कपड्याने पुसून काढा, थंड पाण्याने चूळ भरायला लावा, गिळता येत असेल तर थंड दूध किंवा दही द्या. सूज वाढत असेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला घरघर लागली तर थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा रिक्षाने सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. अचानक वाचा गेली, लाळ गळतेय म्हणून ‘बाहेरचं काहीतरी झालं’ असं म्हणणारं कोणी ना कोणी गल्लीत भेटतंच. त्याला बाजूला सारा आणि कुंडीतलं पान तुटलंय का ते पहा. मनी प्लँट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, पीस लिली ही सारी याच अळूच्या कुळातली. त्रास कमी-जास्त, पण जात तीच. ही झाडं फेकून देण्याची गरज नाही. उंच फळीवर ठेवा किंवा टांगा, म्हणजे झालं.

कण्हेरीचं मात्र तसं नाही. लांब, अरुंद, चिवट पानं, बहुधा एका ठिकाणाहून तीन-तीन निघालेली, आणि गुलाबी, पांढरी किंवा लाल फुलं. पिवळ्या कण्हेरीला घंटेसारखं पिवळं फूल, पांढरा चीक आणि हिरवं टणक फळ येतं. मुलं त्या फळातल्या बिया खेळायला घेतात. दोन्हींच्या सगळ्याच भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं. डिफेनबॅकियासारखी इथे तोंडाची आग होऊन लगेच इशारा मिळेलच असं नाही. आधी उलट्या, पोटदुखी, मग नाडी मंद किंवा अनियमित होते, आणि हे व्हायला काही तासही लागू शकतात. म्हणून मूल बरं दिसत असलं तरी दवाखान्यात न्यायचंच. तिथे हृदयाचा आलेख काढून लक्ष ठेवावं लागतं. मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, लहान मुलाला ते मीठच घातक ठरू शकतं. जाताना झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांचा वेळ वाचतो. ज्या घरात सहा वर्षांखालचं मूल आहे तिथे कुंडीत कण्हेर नसावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. विहाराच्या आवारात कुंपणाला असेल तर असू द्या.

काटेरी शेर, निवडुंगासारखी दिसणारी युफोर्बियाची झाडं यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसणं धूसर होतं. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवत राहा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दूध, मध, गुलाबपाणी काही घालू नका.

आता दुसरा, आम्हाला जास्त काळजीचा वाटणारा प्रकार. ‘शुगरचं झाड’ म्हणून एक रोप सध्या घरोघर फिरतंय. खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत गेलेली पानं, थोडं आंबट लागणारं पान, नारिंगी फूल. नर्सरीत त्याला इन्सुलिन प्लँट म्हणतात. रोज दोन पानं खा, गोळी बंद करा, असं सांगणारे भेटतात. त्या पानात इन्सुलिन नसतं. आणि असतं तरी उपयोग नव्हता. इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की पचून जातं, म्हणून तर ते सुईने घ्यावं लागतं. या पानावर उंदरांवर काही प्रयोग झाले आहेत, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडावी असं त्यातून सिद्ध होत नाही. गोळी सोडली की साखर आतल्या आत वाढते, आणि पायाची जखम चिघळल्यावरच ते घरात कळतं. तशीच पानफुटी. मुतखड्यावर ती चावून खातात. पण या पानफुटीच्या कुळातल्या झाडांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आढळतात. जिला आपण पानफुटी समजतो ती पानफुटीच आहे का, तिची कोणी भलतीच बहीण, हे कुंडीत बघून सांगणं कठीण. हृदयाची गोळी चालू असणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

बोधिवृक्षाचं रोप म्हणून मिळालेलं रोप खरंच पिंपळ आहे का, हेही वाचक विचारतात. पिंपळाच्या पानाला लांब, निमुळती शेपटी असते आणि देठ लांब असल्याने पान जराशा वाऱ्याने सळसळतं. पायरीचं पान तसंच दिसतं, पण शेपटी आखूड. पारोसा पिंपळाला मोठी पिवळी फुलं येतात. पिंपळ पूर्णपणे सदाहरित नाही. थंडी सरता सरता त्याची पानं गळतात आणि तांबूस नवी पालवी येते, तेव्हा झाड मेलं समजून उपटू नका. मात्र तो कायम कुंडीत राहणारा नाही, मुळं भिंत फोडतात. वर्ष-दोन वर्षांत त्याला मोकळी जागा मिळाली पाहिजे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांतून वाढला. तोही मोकळ्या आभाळाखालीच वाढला.

नाव कळेपर्यंत झाड जगवायचं कसं? अनोळखी सदाहरित झाड बहुधा तहानेने मरत नाही, पाण्याने मरतं. नळ तासभर येतो, त्या वेळात आपण सगळ्या कुंड्या भरून टाकतो. त्याऐवजी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर आज पाणी नको. खालची पानं पिवळी, माती आंबूस वासाची, खोड बुडाशी मऊ, ही मुळं कुजल्याची खूण. रंगाची बादली किंवा तेलाचा डबा कुंडी म्हणून वापरला तर तळाला चार-पाच भोकं पाडा. ॲसिडचे, कीटकनाशकाचे डबे घेऊ नका. नाल्याकाठची माती काळी आणि कसदार दिसते, पण तिच्यात सांडपाण्याची घाण असते आणि मुलांचे हात त्याच मातीत जातात. तांदूळ धुतलेलं पाणी घाला, चालेल. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, तेव्हा कुंडी पत्र्यापासून दूर, जमिनीलगत सावलीत ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर आडोशाला. पानांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पातळ पाण्याने पुसून काढा. कीटकनाशकाची फवारणी खोलीत नकोच.

कुंडीखालच्या ताटलीकडे मात्र विशेष लक्ष द्या. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या कडेला चिकटून असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पाणी ओतून देणं पुरेसं नाही. ताटली आठवड्यातून एकदा काथ्याने घासायची. ड्रम कोरडा करायचा दिवस ठरलेला असेल तर त्याच दिवशी हेही करा. बाटलीत पाण्यात लावलेल्या मनी प्लँटचं पाणीही त्याच दिवशी बदला.

जाता जाता, झाडाने घरातली हवा शुद्ध होते या जाहिरातीबद्दल. तिचं मूळ १९८९ च्या नासाच्या प्रयोगात आहे. तो प्रयोग हवाबंद पेटीत झाला होता. साध्या खोलीत तसा परिणाम मिळवायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये अभ्यासकांनी मांडला. म्हणजे झोपायला जागा उरायची नाही. चुलीचा धूर जायला खिडकी उघडा, हवा त्याने सुधारेल. रात्री झाड खोलीत असलं तर गुदमरायला होतं हीही भीती नको, शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. आणि चोरून आणलेल्या मनी प्लँटने पैसा येतो यावर विश्वास ठेवणारं घर अजून आपल्यात असेल, तर त्यांनी निदान ताटली तरी घासावी.

यंदा विहारात सत्काराला रोपं देणार असाल तर प्रत्येक कुंडीला एक चिठ्ठी बांधा. वर झाडाचं नाव मराठीत. खाली तीन ओळी: ऊन हवं की सावली, पाणी किती दिवसांनी, आणि मुलांपासून दूर ठेवायचं की नाही. नर्सरीवाल्याकडून नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसात शाई पुसते, म्हणून चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घाला.